वजन उतरविणाऱ्या मराठी लेखनाची चिकित्सा : ‘थांबल्यावर काय?’ या प्रश्नाच्या अनुषंगाने

प्रस्तावना

दिवाळी अंकांतील कथा-कवितांचा परामर्श घेणारे लेख आपण अध्यापक मंडळी नेमाने लिहितो. त्याच अंकांत वजन कमी करण्याविषयीचा एखादा लेख असतो. तो मात्र आपण वाचतो, त्याचे कात्रण काढतो आणि फ्रिजवर चिकटवतो. त्याची समीक्षा कोणी करीत नाही. वास्तविक वाचकाच्या ताटातील भाकरी कमी-जास्त करण्याचे सामर्थ्य या लेखनाइतके दुसऱ्या कोणत्याही वाङ्मयप्रकारात नाही. कादंबरी वाचून जगणे बदलले असे म्हणणारा वाचक विरळा. पुस्तक वाचून रात्रीचे जेवण सोडलेला वाचक प्रत्येक स्टाफरूममध्ये आढळतो. एवढा प्रभाव असलेले लेखन आशय, भाषा आणि सत्यता या तिन्ही अंगांनी तपासले जावे, ही या लेखामागील भूमिका आहे.

प्रस्तुत लेखिका आहारतज्ज्ञ वा वैद्यक नाही. मराठीची अध्यापक आहे. त्यामुळे कोणी काय खावे हे येथे सांगितलेले नाही. कोणी काय सांगितले, कोणत्या शब्दांत सांगितले आणि काय सांगावयाचे टाळले, हे पाहिले आहे. मात्र या विषयाशी लेखिकेचा संबंध केवळ अभ्यासकाचा नाही हे आरंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. बाळंतपणानंतर वाढलेले वजन कमी करण्यासाठी २०१८ मध्ये तिने दोन वेळा जेवण्याची पद्धत अवलंबिली होती. सात किलो उतरले. विभागात कौतुक झाले. पुढील दीड वर्षात आठ किलो परत आले, आणि त्याविषयी घरातल्या कोणत्याही पुस्तकात एक ओळही सापडली नाही. चढलेले वजन उतरविण्याची प्रकरणे भरपूर होती; उतरलेले वजन पुन्हा चढते तेव्हाचे प्रकरण नव्हते. प्रस्तुत विवेचनाचा निकष या अनुभवातून आलेला आहे. वजनविषयक लेखनाची योग्यता ते किती किलोंचे आश्वासन देते यावर ठरवू नये. पद्धत थांबल्यानंतर शरीरात काय घडते हे ते वाचकाला सांगते की नाही, यावर ठरवावी.

‘विनासायास’ आणि ‘दर दोन तासांनी’

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात या विषयावर जो वाद गाजला तो दोन परस्परविरोधी उपदेशांचा होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा आधार घेऊन ‘विनासायास वेट लॉस’ ही कल्पना मांडली. दिवसातून दोनदा, कडकडून भूक लागेल तेव्हाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, मध्ये काही खाऊ नये आणि रोज ४५ मिनिटे चालावे, असा तिचा गाभा. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. ‘डोन्ट लूज युअर माइंड, लूज युअर वेट’ (२००९) या पुस्तकापासून त्यांनी दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा आणि तूप, भात, घरचे स्थानिक अन्न यांना न घाबरण्याचा आग्रह धरला. एकाच घरात सासूबाई दीक्षितांच्या आणि सूनबाई दिवेकरांच्या अनुयायी, असे दृश्य तेव्हा दुर्मीळ नव्हते.

या दोहोंचे श्रेय आधी नोंदविले पाहिजे. दीक्षितांच्या पद्धतीला पैसा लागत नाही. तिच्यामागे कोणतेही चूर्ण, शेक वा यंत्र विकावयाचे नाही. आरंभी रक्ततपासणी करण्याचा आग्रह तीत आहे आणि ती सरसकट सर्वांसाठी नाही हेही तिचे प्रवर्तक सांगतात. दिवेकरांनी परदेशी फळे आणि डबाबंद पदार्थ यांच्या मोहातून मध्यमवर्गीय स्वयंपाकघराला परत भाकरी-भाजीकडे आणले, विशेषतः स्त्रियांच्या मनातील अन्नाविषयीची अपराधी भावना कमी केली. ही कामगिरी लहान नव्हे.

तथापि भाषेच्या अंगाने पाहता ‘विनासायास’ हा शब्द तपासून घ्यावा लागतो. आयास येथे नाहीसा झालेला नाही, त्याची जागा बदललेली आहे. मोजूनमापून खाण्याचा आयास गेला. परंतु हळदीकुंकवाला, बारशाला, प्राचार्यांच्या केबिनमधील चहाला ‘नको’ म्हणण्याचा आयास आला. चहाला नाही म्हणणे ही महाराष्ट्रात आहारविषयक कृती नसते, ती सामाजिक कृती असते. याउलट दर दोन तासांनी खाण्यासाठी दिवसाला पाच-सहा डबे लागतात. ते भरणारे हात कोणाचे, हा प्रश्न त्या उपदेशात पुरेसा येत नाही. सकाळी सहाची एस.टी. पकडून तालुक्याच्या महाविद्यालयात पोहोचणाऱ्या, सलग चार तासिका घेणाऱ्या अध्यापिकेला दहा वाजता मूठभर शेंगदाणे खाण्यास सांगणे सोपे आहे. पण तिची मूठ त्या वेळी खडूने भरलेली असते.

आता पुराव्याकडे वळू. प्राग येथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टाइप-२ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना बारा आठवडे दोन वेळा आणि बारा आठवडे सहा वेळा, समान उष्मांकांचा आहार दिला. दोन वेळा खाल्ल्यावर सरासरी ३.७ किलो, सहा वेळा खाल्ल्यावर २.३ किलो वजन घटले. दीक्षितांच्या बाजूने हा पुरावा जातो खरा. परंतु त्यातील दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण होते, आणि बारा आठवड्यांपलीकडे काय झाले ते त्यातून कळत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ६०९ व्यक्तींना वर्षभर कमी स्निग्धांशाचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार देण्यात आला. पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो, दुसऱ्याचे ६ किलो वजन कमी झाले; हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. प्रत्येक गटात काहींचे वजन पुष्कळ उतरले होते आणि काहींचे चक्क वाढले होते. म्हणजे ज्या मुद्द्यावर आपल्याकडे घरोघरी हमरीतुमरी झाली तो मुद्दा, विज्ञानाच्या दृष्टीने, मुख्य नव्हताच. ज्याला जी पद्धत दीर्घकाळ निभावता येते ती त्याला लागू पडते. हे सांगणारे पुस्तक मात्र खपणार नाही, कारण त्यात पद्धतीला नाव देता येत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न या वादात झाकोळला गेला, ही अधिक गंभीर गोष्ट. सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीने औषधाची मात्रा न बदलता जेवणांची संख्या घटविली तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. एसजीएलटी-२ गटातील गोळ्या घेणाऱ्याने कर्बोदके एकदम तोडली तर कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका संभवतो. फार झपाट्याने वजन उतरविल्यास पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाण वाढते. या गोष्टी वैद्यकात सर्वज्ञात आहेत. परंतु पद्धत पुस्तकातून कात्रणात, कात्रणातून तोंडी सांगण्यात उतरते तेव्हा प्रथम गळून पडतात त्या सावधगिरीच्या सूचना. सासूबाईंपर्यंत ‘दोन वेळा जेवा’ पोहोचते. ‘गोळ्यांविषयी आधी डॉक्टरांना विचारा’ हे वाटेत कोठेतरी राहते.

वजन कोण उतरवते, कोण वाढवते

या लेखनातील क्रियापदांकडे लक्ष दिल्यास एक गमतीदार, किंबहुना क्लेशदायक, व्यवस्था आढळते. वजन कमी होते तेव्हा कर्तेपद पद्धतीकडे जाते : ‘या आहाराने बारा किलो उतरले.’ वजन परत येते तेव्हा कर्तेपद वाचकाकडे येते : ‘तुम्ही नियम मोडलात’, ‘तुम्ही वजन वाढवून घेतलेत’. यश पद्धतीचे, अपयश वाचकाचे. अनुभवकथनांची मांडणीही याच व्यवस्थेतून होते. पूर्वीचे छायाचित्र आणि नंतरचे छायाचित्र यांमध्ये काही महिन्यांचे अंतर असते. त्यानंतरचे, तीन वर्षांनी काढलेले तिसरे छायाचित्र कधी छापले जात नाही. ज्यांना लाभ झाला तेच पत्र लिहितात. ज्यांना झाला नाही ते पुस्तक कपाटात मागे सारतात. कीर्तनातील दृष्टान्ताला जसा उलट दृष्टान्त नसतो, तसेच हे आहे.

प्रत्यक्षात शरीर उतरलेले वजन परत मिळविण्यासाठी झटते, आणि त्यात वाचकाच्या चारित्र्याचा भाग आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर अर्धउपासाचा प्रयोग केला. चोवीस आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. हे तरुण अन्नाशिवाय दुसऱ्या कशाचा विचार करू शकत नव्हते. चिडचिडे, खिन्न झाले होते. जेवण पूर्ववत मिळू लागल्यावरही त्यांची भूक दीर्घकाळ शमली नाही आणि चरबी मूळ प्रमाणाच्याही पुढे गेली. दूरचित्रवाणीवरील ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी स्पर्धेतील १४ जणांचा सहा वर्षांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते. तरीही विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करीत होते. म्हणजे स्पर्धा संपून सहा वर्षे झाली तरी शरीराच्या लेखी दुष्काळ संपलेला नव्हता.

आपल्या परंपरेत ही जाण अगदीच नव्हती असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय ‘अष्टौनिन्दितीय’ या नावाने ओळखला जातो. समाज ज्यांची निंदा करतो अशी आठ शरीरे त्यात सांगितली आहेत : अतिउंच, अतिबुटके, अतिलोमश, लोमहीन, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश. चिकित्सेचा विचार मात्र शेवटच्या दोहोंचाच केलेला आहे. निंदा आणि चिकित्सा या भिन्न गोष्टी आहेत, हा विवेक येथे दिसतो. स्थौल्याच्या कारणांत अतिभोजन, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप यांच्याबरोबर ‘बीजस्वभाव’ हेही कारण दिले आहे. आजच्या भाषेत आनुवंशिकता. मेदाने मार्ग अडल्यामुळे कोष्ठातील वायू अग्नी प्रदीप्त करतो, त्यामुळे स्थूल मनुष्याला अधिक भूक लागते, अशी उपपत्तीही तेथे आहे. तिची परिभाषा आज कोणी स्वीकारणार नाही. परंतु भूक हा अपराध नसून शरीराची अवस्था आहे, ही दृष्टी पुष्कळ आधुनिक पुस्तकांपेक्षा उदार आहे. स्थौल्याची चिकित्सा कार्श्यापेक्षा कठीण, असेही चरकाने म्हटले आहे. ‘विनासायास’ असे म्हटलेले नाही.

पथ्य, डाएट, उपवास

मराठीत या व्यवहारासाठी पूर्वीपासून ‘पथ्य’ हा शब्द होता. त्याची जागा आता ‘डाएट’ने घेतली आहे. बदल केवळ शब्दाचा नाही. पथ्य सांभाळावयाचे असते. डाएट करावयाचे असते. ‘सध्या मी डाएटवर आहे’ या वाक्यातील ‘सध्या’ हे अव्यय फार बोलके आहे, कारण त्यात डाएट संपण्याचा दिवस आधीच गृहीत धरलेला असतो. पथ्यात कोणत्या रोगासाठी आणि कोणत्या औषधाबरोबर, हा संदर्भ अनुस्यूत असतो. डाएट सर्वांसाठी एकच असू शकते आणि म्हणूनच ते छापता येते. उपवास हा तिसरा शब्द. त्यात धर्म आला, पुण्य आले आणि साबुदाण्याची खिचडीही आली. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण रचणाऱ्या समाजाला उपवासाने वजन उतरत नाही हे ठाऊक असले पाहिजे.

याच भाषेत ‘खात्यापित्या घरची’ हा विवाहसंबंधातील गुणवाचक शब्दप्रयोग होता, ‘अंग धरले’ हे बाळंतिणीचे कौतुक होते आणि ‘बाळसे’ हा आईच्या अभिमानाचा विषय होता. दुष्काळ आणि साथी पाहिलेल्या पिढ्यांची ही भाषा होती. त्याच बाळंतिणीला आज सहाव्या महिन्यात ‘अजून उतरले नाही का?’ असे विचारले जाते, आणि विचारणाऱ्या बहुधा त्याच मावश्या-आत्या असतात. दोन्ही भाषा आपण एकाच वेळी बोलतो. डिंकाचे लाडू पुढे करणारा हात आणि कंबरेकडे पाहणारी नजर एकाच व्यक्तीची असते. वजनविषयक मराठी लेखन या विसंगतीला क्वचितच हात घालते.

कोणाचे वजन? कशाचे वजन?

वजनाचा काटा चरबी आणि स्नायू यांत भेद करीत नाही, ही साधी गोष्ट भारतीय वाचकाच्या बाबतीत कळीची ठरते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले एक संयुक्त छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ या नावाने ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. वजनविषयक साहित्यातील असंख्य जोडचित्रांत खरे ज्ञान देणारे असे बहुधा हे एकच असावे. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात, हे त्यातून एका दृष्टिक्षेपात कळते. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांच्या २००९ मधील सहमतीनुसार आपल्यासाठी २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता धरली जाते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा असे सांगितले जाते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर ‘किती किलो?’ हा प्रश्नच अपुरा ठरतो, ‘कशाचे किलो?’ असे विचारावे लागते. उपासाने उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा असतो, आणि ज्याच्याजवळ स्नायूंची पुंजी मुळातच कमी, त्याचे नुकसान अधिक. परत येते ती प्रामुख्याने चरबी. दोन-तीन वेळा वजन उतरवून चढविलेली व्यक्ती काट्यावर पूर्वीइतकीच भरते, परंतु आतून ती अधिक दुबळी झालेली असण्याचा संभव असतो. आपल्या ताटात धान्य फार आणि डाळ-उसळ थोडी, ही त्यात भर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. पिठले, उसळ, ताक, अंडे यांचे प्रमाण वाढविणे यासारख्या नीरस सल्ल्याला पुस्तकाचे शीर्षक होता येत नाही, एवढाच त्याचा दोष.

शिवाय हा विषय मांडताना आणखी एक भान सुटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या वा स्थूल आहेत, आणि त्याच वेळी १८.७ टक्के स्त्रियांचे वजन असावे त्याहून कमी आहे. आपल्या वर्गात या दोन्ही मुली शेजारी शेजारी बसलेल्या असतात. वसतिगृहातील ४२ किलोंची विद्यार्थिनी ‘मॅडम, मी रात्रीचं जेवण सोडलंय’ असे अभिमानाने सांगते, तेव्हा स्थूल मनुष्यासाठी लिहिलेले पुस्तक भलत्याच पत्त्यावर पोहोचलेले असते. तिचे हिमोग्लोबिन किती, हे तिला कोणी विचारलेले नसते.

व्यायाम : बल की वजन

व्यायामाची मराठी परंपरा वजनाच्या चिंतेतून जन्मलेली नाही. समर्थांची बलोपासना, गावोगावच्या तालमी, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी केलेला सूर्यनमस्काराचा प्रसार, बडोद्यात मुजुमदारांनी सिद्ध केलेला व्यायामज्ञानकोश, या सर्वांत ‘शरीरात काय आणावयाचे’ याचा विचार होता. ‘शरीरातून काय घालवावयाचे’ हा विचार नंतरचा. आजच्या लेखनात व्यायाम हा खाल्ल्याचे प्रायश्चित्त म्हणून येतो : एक वडापाव म्हणजे इतकी मिनिटे चालणे. हा हिशेब शास्त्रदृष्ट्याही फसवा आहे. नुसत्या व्यायामाने होणारी वजनघट माफक असते आणि ती अपेक्षा ठेवून व्यायामशाळेत जाणारा फेब्रुवारीत घरी बसतो.

व्यायामाचे खरे मोल अन्यत्र आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. आहार-व्यायामातील बदलांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. लक्षणीय बाब अशी की, या गटाचे वजन फारसे कमी झालेलेच नव्हते. अमेरिकेतील २००२ च्या प्रसिद्ध अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम आणि ७ टक्के वजनघट यांचे उद्दिष्ट ठेवून ५८ टक्के लाभ झाला. तो अर्थातच मोठा आहे. परंतु चेन्नईचा निष्कर्ष आपल्या वाचकाला अधिक आधार देणारा आहे. काटा हलला नाही म्हणून चालणे व्यर्थ गेले असे नाही, हे त्यातून कळते. आमच्या वाचनात आलेल्या मराठी पुस्तकांत हा अभ्यास कोठे आढळला नाही. काटा हे ज्या लेखनाचे एकमेव दैवत, त्याला हा अभ्यास अडचणीचाच वाटणार.

औषध आणि घडीपत्रिका

वजन उतरविणाऱ्या औषधांचा इतिहास उत्साहवर्धक नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल हे रसायन वापरले गेले; मोतीबिंदू आणि मृत्यू यांमुळे १९३८ मध्ये त्यावर बंदी आली. फेनफ्लुरामाइन १९९७ मध्ये हृदयाच्या झडपा बिघडविते म्हणून मागे घेतले गेले. रिमोनाबंट मानसिक दुष्परिणामांमुळे युरोपात २००८ मध्ये थांबविले गेले. सिब्युट्रामाइन हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून आणि त्यानंतर भारतातूनही गेले. आपल्याकडील ‘आयुर्वेदिक चूर्ण’ आणि ‘स्लिमिंग चहा’ यांचे दुष्परिणाम तर नोंदविलेच जात नाहीत. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या परिशिष्टात स्थूलतेचा समावेश आहे. ती हमखास बरी करण्याच्या जाहिराती देणे हा त्यान्वये गुन्हा ठरतो. बसस्थानकाच्या भिंतींना हा कायदा अद्याप कोणी वाचून दाखविलेला नाही.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही नवी इंजेक्शने मात्र या परंपरेहून वेगळी आहेत, हे मान्य करावे लागेल. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,९६१ व्यक्तींच्या अभ्यासात सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले. औषधाविना केवळ आहार-व्यायाम करणाऱ्या गटाचे २.४ टक्के. हृदयविकार असलेल्या १७,६०४ स्थूल वा अतिवजनी व्यक्तींच्या २०२३ च्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झाले. ‘मनावर घेतले की वजन उतरते’ या आपल्या लाडक्या समजुतीला या औषधांनी जेवढा धक्का दिला तेवढा कोणत्याही लेखाने दिलेला नाही. भूक ही संप्रेरकांची गोष्ट आहे हे आठवड्याला एक सुई टोचून सिद्ध झाले.

परंतु ‘थांबल्यावर काय?’ हा निकष येथेही सोडता येत नाही. त्याच अभ्यासातील ३२७ जणांचे औषध बंद केल्यावर वर्षभराने निरीक्षण करण्यात आले, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. म्हणजे हे औषध रक्तदाबाच्या गोळीसारखे दीर्घकाळ घ्यावयाचे आहे. भारतात टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. आठवड्याला एक म्हणजे महिन्याला १४,००० रुपये, तेही केवळ आरंभीच्या मात्रेसाठी. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाच्या मानधनाशी या आकड्याची तुलना वाचकांनीच करावी. औषध घेऊन स्नायू राखण्यासाठी प्रथिने आणि वजनी व्यायाम लागतोच, आणि वर वर्णिलेल्या भारतीय देहाला तो अधिक लागतो. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे सामान्य त्रास. पित्ताशयाचे खडे आणि स्वादुपिंडदाह हे क्वचित, परंतु गंभीर. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असल्यास हे औषध वर्ज्य आहे. गर्भधारणेपूर्वी ते थांबवावे लागते, सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम घटू शकतो. लग्न ठरलेल्या मुलीला ‘तीन महिन्यांत बारीक हो’ असे सांगून हे इंजेक्शन सुचविणाऱ्या घरांत यांपैकी काय माहीत असते?

येथे एका उपेक्षित संहितेची दखल घेणे आवश्यक वाटते. ती म्हणजे औषधाच्या खोक्यातील घडीपत्रिका. वजनविषयक सर्व लेखनात स्वतःच्या हानीची यादी स्वतःच देणारी ही एकमेव संहिता. तीत आश्वासन नाही, जोडचित्र नाही, अनुभवकथन नाही. कोणी घेऊ नये, केव्हा थांबवावे, काय झाले तर तातडीने डॉक्टरांकडे जावे, हे क्रमाने सांगितलेले असते. जो प्रामाणिकपणा आपण पुस्तकांकडून मागतो तो येथे कायद्याच्या धाकाने का होईना, आलेला आहे. मात्र ती मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत असते. आश्वासने मराठीत, इशारे इंग्रजीत, अशी ही विभागणी आहे. मराठीच्या अभ्यासकांनी ज्ञानभाषेविषयी इतकी चर्चासत्रे घेतली, त्यांत या कागदाचा विषय कधी निघाला नाही.

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ भगिनींनी गेल्या वर्षी यजमानांच्या इंजेक्शनच्या खोक्यातील असा कागद आणला. ‘मॅडम, एवढं जरा मराठीत सांगा, ह्यांना काही विचारलं की चिडतात.’ दोन मधल्या सुट्ट्या त्यात गेल्या. ‘स्वादुपिंडदाह’ असे मी मोठ्या समाधानाने लिहिले, तेव्हा त्यांनी विचारले, ‘स्वादुपिंड म्हणजे पॅनक्रियाजच ना?’ प्रतिशब्द खोडून कंसाबाहेर पॅनक्रियाज लिहिला. सर्व लिहून झाल्यावर त्यांनी कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि जाता जाता विचारले, ‘आणि हे बंद केल्यावर?’ ते त्या पत्रिकेत कोठे नव्हते. डॉक्टरांना विचारावयाच्या प्रश्नांची एक चिठ्ठी मी त्यांना करून दिली आणि हा प्रश्न तीत पहिल्या क्रमांकावर लिहिला.